दुसरा भाग

मावशीला संगणकाचं वावडं नव्हतं, कुणाकडून शिकून घेण्याचं होतं. जन्मभर शाळेत दुसऱ्यांचे कान पिळलेली बाई ती! तरी भाचीच्या प्रबंधातले संदर्भ तपासून द्यायला ती विद्यापीठाच्या ग्रंथालयात आली होती, आणि भाची तिला समजावत होती.

"लेखाखालची यादी आपल्याला मागे नेते, जुन्या लेखांकडे. हे बटण दाबलं की पुढे जाता येतं. नंतर कुणी कुणी याचा आधार घेतला, ते दिसतं."

"ठाऊक आहे गं. आमच्या वेळी असल्या याद्यांचे जाडजूड ग्रंथ यायचे, दरवर्षी एक."

"मग तुझाच लेख बघू या."

"नको. माझं बघून झालंय."

झालं होतं खरं. पंचविशीत तिनं एकच लेख लिहिला होता, लहान मुलं खोटं बोलायला कशी शिकतात यावर. चार-पाच वर्षांच्या पोरांशी तासन्‌तास गप्पा मारून. हीच मुलं बारा वर्षांची झाली की पुन्हा भेटून दुसरा भाग लिहीन, असं शेवटी ठासून सांगितलंही होतं. पुढच्या वर्षीचा ग्रंथ आला तशी ही धावली, तर आपलं नाव कुठेच नाही! ग्रंथपाल म्हणाले, "अहो, लोक वाचणार, मग लिहिणार, मग ते छापलं जाणार. दोन-तीन वर्षं दम धरा." पण बाईसाहेबांच्या नाकावर राग. कुणी वाचत नसेल तर माझं अडलंय खेटर, म्हणत तिनं संशोधनाला रामराम ठोकला आणि शाळेत नोकरी धरली. तो ग्रंथ पुन्हा कधी उघडला नाही.

भाचीनं एव्हाना बटण दाबलंही होतं. यादी खाली सरकत गेली, संपेचना.

"हे सगळे माझे?" मावशीला इतका आनंद झाला, की शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघू लागली.

भाचीनं सगळ्यात जुना लेख उघडला. मावशीच्या लेखानंतर तीन वर्षांनी आलेला. त्यात होतं, दुसऱ्या भागाची उत्सुकता आहे. नंतरच्या एकात, आम्ही अजून वाट पाहत आहोत. मग एकानं लिहिलं होतं, की लेखिकेचा पत्ता लागला नाही आणि ती मुलं आता मोठी झाली असतील. त्याच्यापुढे दुसऱ्या भागाचं नावच कुणी काढलं नव्हतं.

"मावशी, अजूनही शोधू त्या मुलांना. मी मदत करते."

"आणि विचारू काय? आता त्यांची पोरं त्यांच्याशी खोटं बोलत असतील." मावशी हसायला गेली, पण तिला हसू येईना. असला कसला ताठा होता आपला, दोन वर्षंही थांबता आलं नाही, या विचारानं तिचं काळीज तुटत होतं.

"वाचणाऱ्यांचं सोड," ती म्हणाली. "निघताना त्या पोरांनी विचारलं होतं, परत येणार ना? मी हो म्हटलं होतं."