नागमोडी रेघ

सुकलालला वाकडी रेघ खपत नसे. सुरतेत उधन्यातल्या एका छोट्या इलेक्ट्रॉनिक्स कारखान्यात चौदा वर्षं तो सर्किट बोर्डावरच्या तांब्याच्या रेघा आखत होता. आधी पारदर्शक कागदावर काळी चिकटपट्टी ब्लेडने कापून, आणि आता, अठ्ठ्याण्णव सालात, कॉम्प्युटरवर. "सुकलालभाईची रेघ म्हणजे ओळंबा," असं मालक जयेशभाई गिऱ्हाइकांना सांगत.

रविवारी तो गोडादऱ्यात वस्तीतल्या मुलांना भूमिती शिकवी. नियम एकच, पण कडक: चूक रबराने खोडायची नाही. तिच्यावर एक आडवी रेघ मारायची आणि शेजारी बरोबर लिहायचं. "चूक दिसू द्या रे," तो म्हणे, "लपवलेली चूक पुन्हा गाठते." याच वर्गात शिकलेली नीलम आता डिप्लोमा करून त्याच्या हाताखाली लागली होती.

या खेपेचं काम अवघड होतं. धावत्या कापडातले दोष कॅमेऱ्याने टिपायचे आणि ते चित्र बोर्डावरून फार वेगाने पुढे पाठवायचं. इतका वेगवान संदेश एकट्या रेघेवरून नीट जात नाही, जोडीने जातो. एकीवर जे चढतं ते दुसरीवर उतरतं, आणि पलीकडची चिप दोघींमधला फरक वाचते. म्हणून दोघींनी शेजारी चालायचं आणि एकाच क्षणी पोचायचं. वळणावर मात्र आतली रेघ आखूड पडते. नीलमने ती नागमोडी करून तेवढी लांबी भरून काढली होती.

बोर्ड छापायला आराखड्याची फिल्म बाहेर पाठवायच्या शनिवारी नीलम रजेवर होती. सुकलालने शेवटची नजर फिरवली, ती वेटोळी पाहिली आणि हसला. पोरीचा हात अजून बसला नाही! त्याने चारही जोड्यांतल्या रेघा ताणून सरळ केल्या.

तीन आठवड्यांनी, शनिवारीच, बोर्ड तयार होऊन आले. पडद्यावर कापडाचं चित्र फाटत होतं.

"आ शुं छे, नीलमबेन?" जयेशभाई कडाडले.

नीलम भिंग लावून बोर्डावर वाकली. "माझी वेटोळी नाहीत इथे. जुनी फाइल गेली वाटतं. मीच सेव्ह करायला विसरले असेन."

"वेटोळी हवीत कशाला?" जयेशभाईंनी विचारलं.

"भाई, दुपदरी धाग्यासारखं आहे. एक पदर ताठ आणि एक सैल गुंडाळला की कापडात फुगा येतो ना? दोन्ही पदर सारखेच लागतात."

सुकलालला आपला तो शनिवार आठवला. त्याच्या आईचं, धुरपदाबाईचं, आयुष्य दुपदरी धागा गुंडाळण्यात गेलं होतं. लहानपणी त्याच्या हातावर चापट मारून ती हेच सांगायची. सगळं ठाऊक असून त्याने फक्त सरळपणा पाहिला होता.

"सुकलालभाई, सोमवारपासून हिला टेस्टिंगला बसवा. रेघा तुम्हीच आखा. बरोबर ना?"

सुकलालची मान हलली. होकारार्थी. नीलमने ते पाहिलं आणि आपला डबा उचलला.

दुसऱ्या दिवशी वर्गात छोटी तारा पाटी नाचवत आली. "सर, बघा! माझं चुकलं, पण मी पुसलं नाही!"

त्याला पाटीकडे बघवेना. "आज सुट्टी," तो म्हणाला. मुलं आनंदाने ओरडत पळाली. तारा तेवढी पाटी धरून उभी राहिली. "सर, बरोबरची खूण?" त्याने खडू उचलला, पण खूण करायला हात धजेना.

सोमवारी त्याने बोर्डाच्या आराखड्याची छापील प्रत काढली. आपल्या सरळ रेघांवर लाल पेनाने एकेक आडवी रेघ मारली, शेजारी वेटोळी काढली, खाली नाव लिहिलं आणि कागद जयेशभाईंसमोर ठेवला. नीलम पलीकडे टेस्टिंगच्या टेबलावर होती.

"पोरीचं बरोबर होतं. त्या शनिवारी मी ते मोडलं."

"मग परवा तोंड का शिवलं होतं?"

"लाज वाटली."

"आणि आज नाही वाटत?"

"आज जास्त वाटते, भाई."

जयेशभाईंनी नीलमला बोलावून कागद तिच्याकडे सरकवला. तिने एकेका वेटोळ्यावरून बोट फिरवलं.

"सर, तिसरं वेटोळं चुकलंय," शेवटी ती म्हणाली. "ते वळणाला लागून हवं. आणि मोडायच्या आधी मला विचारायचं होतं."

"हो."

"मान हलवायच्या आधीसुद्धा."

सुकलाल आपल्या कॉम्प्युटरपाशी गेला, समोरची खुर्ची तिच्यासाठी पुढे केली आणि शेजारी स्टूल ओढून बसला. "तिसरं कसं काढायचं," तो म्हणाला, "दाखव मला."

नीलमने माउस हातात घेतला. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही, पण पडदा थोडा त्याच्या बाजूला वळवला.