मेरेपलीकडची पेज

कारमेलीनने डोक्यावरचा पेजेचा टोप भिरंडीच्या झाडाखाली उतरवला, त्यावर परात झाकली आणि शेजारी वाडगे एकात एक रचून ठेवले. वाडगे पुष्कळ होते. मग साडी गुडघ्यापर्यंत खोचून ती चिखलात उतरली. तिथे तिचा नवरा इनास एकटाच वाकून भात लावत होता.

मेरेच्या, म्हणजे दोन शेतांमधल्या बांधाच्या, अलीकडे आपल्या शेतात गवत कापणाऱ्या सत्यवतीने ते पाहिलं. कालही पाहिलं होतं, परवाही. टोप दहा-बारा माणसांना पुरेल एवढा, आणि शेतात माणसं दोनच. दुपारी ती दोघं भिरंडीखाली बसून आपापला वाडगा संपवायची आणि संध्याकाळी कारमेलीन जवळजवळ भरलेला टोप तसाच डोक्यावर घेऊन घरी जायची. तो म्हशींच्या पुढ्यात रिकामा होतो, एवढं सत्यवतीला माहीत होतं. दुसऱ्या दिवशी तेवढीच पेज पुन्हा का शिजते, ते मात्र कळत नव्हतं.

इनासच्या शेतात यंदा कोणी येणार नव्हतं. आज मी तुझ्या शेतात, उद्या तू माझ्या, अशी गावाची सावड होती आणि लावणी त्या सावडीवरच व्हायची. इनासला तिच्यातून वगळलं होतं. कारण बाबली. वाडीच्या टोकाला एकटी राहणारी ही म्हातारी उन्हाळ्यात अंथरुणाला खिळली. तिचे मुलगे मुंबईला. कारमेलीन रोज तिला पेज भरवायची आणि उशाशी बसून हलक्या आवाजात आपली प्रार्थना म्हणायची. बाबली गेली तेव्हा तिला आंघोळ घालताना वाडीतल्या नर्मदेला तिच्या मुठीत एक बिल्ला सापडला. त्यावर मेरी मातेचं चित्र होतं. नर्मदेने तो बाहेर आणून दाखवला. मरता मरता म्हातारीला बाटवली, असं संध्याकाळपर्यंत सगळ्या वाडीत झालं, आणि मोबाईलवरून वाडीबाहेरही. देवळासमोर बैठक बसली. गावचा मानकरी, गावकर म्हणून निर्णय सांगायचं काम सत्यवतीच्या नवऱ्याकडे, गुरुदासकडे आलं. त्याने तो खाली बघून सांगितला.

तरीही इनासने भाताच्या रोपांचा तरवा नेहमीएवढाच पेरला होता. दोन माणसांच्या हातून एवढी रोपं लावून होणं शक्य नव्हतं. ती आता पिवळी पडायला लागली होती.

सत्यवतीने विळा खाली ठेवला आणि ती मेरेवर चढली.

"कारमेलीन, एक इचारू?"

"इचार गो."

"इतकी पेज कोणाक?"

"येतले तेंका."

"कोण येतले?"

कारमेलीनने हातातली रोपांची मूठ लावून संपवली आणि पाठ सरळ केली.

"ता माका खंय ठावक? पण कोण इला आणि टोप रिकामो असलो, तर?"

"तुमच्या देवान तसा सांगल्यान काय? माणसा येतली म्हणान?"

"तेणा काय एक सांगूक नाय," कारमेलीन म्हणाली. तिला थोडं हसू आलं. "सांगल्यान असता, तर प्रार्थना कित्याक करूक लागली असती?"

सत्यवतीला हे उत्तर पुरेसं वाटलं नाही. ती तिथेच उभी राहिली.

"तुका राग येना नाय?"

"येता तर. रागानच टोप चुलीर चढवतंय. ढवळता ढवळता कधी उतरता. कधी नाय उतरना."

सत्यवतीने पाय चिखलात टाकला. तेवढ्यात इनास घाईघाईने पुढे आला.

"वैनी, नको. तू गुरुदासाची बायल. तुमच्या घरात भांडण नको. परत जा."

"दोन मुठी लावतंय, इनासभाव."

"नको म्हणतंय ना." त्याचा आवाज कडक नव्हता, पण तो वाटेतून हलला नाही. सत्यवती पाय काढून मागे फिरली. आपल्या शेतात परतल्यावरही तिला कितीतरी वेळ विळा कुठे ठेवला ते आठवेना.

पुढच्या आठवड्यात सावडीची पाळी सत्यवतीच्या शेताची आली. त्या सकाळी गुरुदास खत आणायला मालवणला गेला. सत्यवतीने चूल पेटवली, चहा केला. पेजेचा मोठा टोप फळीवरून काढला. थोडा वेळ तो तसाच हातात धरून ती उभी राहिली. मग तिने तो पुन्हा फळीवर ठेवला आणि चुलीतली लाकडं मागे ओढली.

वाडीतल्या आठ-दहा बायका आल्या आणि लावणी सुरू झाली. मेरेपलीकडे इनास आणि कारमेलीन वाकलेली होती. कोणी तिकडे पाहत नव्हतं, पण गाणंही कोणी म्हणत नव्हतं. ऊन-पाऊस चालू होता. दुपार झाली तशा बायका हात धुऊन मेरेवर येऊन बसल्या.

"पेज खंय गो?" नर्मदेने विचारलं. ती सगळ्यांत वडील, भूक तिला सोसत नसे.

"आज मी रांदूक नाय," सत्यवती म्हणाली.

"मगे?"

सत्यवतीने मेरेपलीकडच्या भिरंडीकडे पाहिलं. "थंय आसा."

गेल्या वर्षी लग्न होऊन वाडीत आलेली अक्षया घाबरून म्हणाली, "पण गुरुदासकाकांनीच सांगल्यानी ना, तेंच्याकडे जावचा नाय म्हणान?"

"लावणेक जावचा नाय, असा सांगल्यानी. जेवणाचा कोण काय बोलूक नाय."

भिरंडीखालून सुक्या सुंगटांच्या, म्हणजे कोळंबीच्या, किसमुरीचा वास येत होता. कारमेलीनने परात काढली होती. बोलावणं तिने केलं नाही. तिने फक्त वाडगे एकेक करून सुटे मांडले.

नर्मदेने त्या वाडग्यांकडे पाहिलं. मग गुडघ्यावर हात टेकून उठली आणि मेर ओलांडून चालू लागली. बाकीच्या तिच्या मागून गेल्या, कोणी लगेच, कोणी रेंगाळत. इनास टॉवेल हातात धरून बाजूला उभा राहिला. काय करावं ते त्याला सुचत नव्हतं.

कारमेलीनने नर्मदेच्या हातात वाडगा दिला. नर्मदेने तो तोंडाला लावला नाही.

"बाबलीन मागल्यान काय गो तो बिल्लो?"

"होय. माझ्या गळ्यातलो होतो."

"कित्याक मागल्यान?"

"हातात धरूक काय तरी व्हया म्हणाली. झील जवळ नाय होते ना." कारमेलीनने दुसरा वाडगा भरायला घेतला. "मी तिका तिच्या देवाचो फोटो पण काढून दिलंय. तो तिका नीट दिसा नाय."

नर्मदेने मान हलवली. बाबलीच्या उशाशी देवाचा फोटो होता. तिनेच तो त्या दिवशी उचलून बाजूला ठेवला होता, आणि बाहेर येऊन त्याबद्दल ती काहीच बोलली नव्हती.

"माका कोणी इचारूक नाय," ती पुटपुटली. मग म्हणाली, "मी तरी तुका खंय इचारलंय."

ती पेज प्यायली. किसमूर दोनदा मागून घेतली. सगळ्यांचं झाल्यावर वाडगे धुतले गेले आणि बायका आपल्या कामावर परतायला निघाल्या. नर्मदा मात्र साडी खोचून सरळ इनासच्या चिखलात उतरली. तिथे तरव्याच्या मुठी पडून होत्या. तिने एक उचलली.

"नर्मदाकाकी, नको," इनास म्हणाला. "लोक बोलतले."

"बोलांदेत. फुकटची पेज मी अजून कोणाची खावक नाय."

अक्षयाने सत्यवतीकडे पाहिलं. सत्यवती नर्मदेच्या शेजारी जाऊन वाकली. थोड्या वेळाने तिच्या दुसऱ्या बाजूला आणखी कोणाचे तरी पाय चिखलात उतरल्याचा आवाज झाला, मग आणखी एकीचे. ओळ सरकू लागली. कोणीतरी आधी गुणगुणल्यासारखं आणि मग मोकळ्या गळ्याने गाणं धरलं. कारमेलीन शेवटच्या टोकाला होती. तिने एकदा डोळे पुसले, पण हात चिखलाचे असल्यामुळे तोंडच चिखलाने माखलं आणि अक्षया हसली.

गुरुदास मालवणहून परतला तेव्हा पाऊस थांबला होता. खताची गोणी खांद्यावर घेऊन तो पाणंदीतून आला आणि मेरेवर थबकला. त्याचं शेत अर्धं लावून तसंच पडलं होतं. सगळ्या बायका पलीकडे होत्या. त्यांत त्याची बायकोही होती.

गाणं बंद पडलं. इनास पुढे येऊ लागला, पण कारमेलीनने त्याचा दंड धरला.

सत्यवती कंबर सरळ करून उभी राहिली. तिने नवऱ्याकडे पाहिलं आणि नजर खाली घेतली नाही.

गुरुदासने गोणी मेरेवर टेकवली. नर्मदेकडे पाहिलं, इनासकडे पाहिलं, मग त्या पिवळ्या पडलेल्या, अजून लावायच्या राहिलेल्या रोपांकडे.

मग त्याने वाकून चपला काढल्या आणि मेरेवर शेजारी शेजारी ठेवल्या. पँट वर दुमडली. तो कुठल्या बाजूला उतरणार, ते अजून कोणालाच कळत नव्हतं.