साठावी ओळ

मी एक जुना फळा आहे आणि माझ्या अंगावर खोटं लिहिलेलं आहे. मित्रांनो, हे आधीच सांगून टाकतो. नंतर दुसऱ्या कुणी सांगितलं तर जास्त लाज वाटेल.

हिंगोली जिल्ह्यातल्या गोरेगावच्या अलीकडं एक शाळा आहे. तिच्या व्हरांड्यात मी खिळ्यावर असतो. संतराम सुताराने कडुनिंबाच्या दोन फळ्या जोडून मला केलं. लाकूड गावचे पुढारी तातेराव यांनी दिलं, म्हणून माझ्या कपाळावर त्यांचं नाव आहे, हातभर. त्याखाली पोरांची नावं लिहायची, बोटभर. मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं.

दरवर्षी शाळेत बुद्धिबळाचे साखळी सामने होतात. पाच खेळाडू, प्रत्येकाचा प्रत्येकाशी एक डाव, असे दहा डाव. जिंकला त्याला एक गुण, हरला त्याला शून्य, बरोबरी झाली तर अर्धा-अर्धा. पहिले दोघं हिंगोलीला जिल्ह्याच्या स्पर्धेला जातात. सात वर्षं हे गुण मी अंगावर मिरवले. विजयकुमार सर शेवटी बेरीज करायचे, दहा आली की म्हणायचे, "फळा बराबर!" आणि मी फुगायचो.

यंदा तांड्यावरची निता खेळणार होती. हिंगोलीला जायचंच, असं तिनं ठरवलेलं. दुसरा नंबर यायला किती गुण लागतात ते बघायला ती मधल्या सुट्टीत माझ्याखाली चिंचोके मांडत बसायची. एका डावाचे दोन चिंचोके. जिंकेल त्याला दोन्ही, बरोबरीला एकेक. दहा डावांचे वीस. त्या विसांच्या पाच ढिगल्या खरोखरच्या खेळात किती तऱ्हांनी पडू शकतात, ते ती मोठ्यापासून लहानाकडं ओळीनं वहीत लिहायची.

तिच्याच तांड्याचा देविदास चिडवायचा, "निते, बुद्धिबळ खेळून राहिली का चिंचोके?"

"तुझ्या नंबराची ओळ शोधून राहिले. पार तळाला सापडली बघ."

दोन खेळाडू असले तर दोनच ओळी होतात. तिघांच्या पाच, चौघांच्या सोळा, पाच जणांच्या एकोणसाठ. साठावी होतच नाही. मी वरून बघत होतो. बेरजेच्या पलीकडं गुणांना आणखी काही नियम असतो, हे मला सात वर्षांत समजलं नव्हतं.

सामने झाले. पुनमला चार. निता आणि रुद्र, दोघांना अडीच. शिवकन्या आणि देविदास बाकी सगळ्यांशी हरले, पण आपसात त्यांची बरोबरी झाली, म्हणून दोघांना अर्धा. देविदासचा हा जन्मातला पहिला अर्धा गुण. हे सांगायला तो तांड्यापर्यंत पळत जाऊन आला.

आता दुसऱ्या जागेसाठी निता आणि रुद्रचा आणखी एक डाव व्हायला पाहिजे होता. रुद्र तातेरावांचा नातू. तातेराव गळ्यात हार घालून खुर्चीत बसलेले.

"आटपा सर. जीप उभी करून आलो."

सरांनी खडू घेतला आणि रुद्रच्या अडीचचे तीन केले. बेरीज साडेदहा झाली. सरांना तर दहाच लागते. मग त्यांनी फडकं घेतलं आणि देविदासचा अर्धा पुसून शून्य काढलं. शेवटच्याचं कोण बघतं?

मी खिळ्यावरून पडू शकलो असतो. नाही पडलो. गप लटकलो.

निता पुढं आली. "सर, देविदासला शून्य कसं?"

"हरला तो सगळ्यांसंगं. काय रे?"

देविदासनं सरांकडं बघितलं, तातेरावांकडं बघितलं. "हरलो असंन, सर."

"मग शिवकन्येला एक द्या," निता म्हणाली. "या दोघांचा आपसात डाव झालाय. त्याचा एक गुण या दोघांतच राहणार. याला द्या, तिला द्या, न्हाईतर वाटून द्या. हितं दोघांत मिळून अर्धाच हाय. उरलेला अर्धा कुठं गेला?"

सर फडकं झटकायला लागले. रुद्र आपल्या चपलेकडं बघत राहिला. तातेराव हसले.

"पोरी, बेरीज दहा हाय का?"

"हाय, पण..."

"मंग बास. फळ्यावर लिहिलं ते बराबर असतं."

माझी साक्ष काढली, मित्रांनो. आणि मला तोंड नव्हतं.

रुद्र हिंगोलीला गेला. दुसऱ्या दिवशी निता आली आणि ओल्या फडक्यानं मला पुसून गेली. तेवढा एक दिवस मी स्वच्छ होतो. मग नातवाचा निकाल कायम दिसावा म्हणून तातेरावांनी पेंटर पाठवला. त्यानं तेच आकडे ऑइल पेंटनं काढले. चार, तीन, अडीच, अर्धा, शून्य. आता ओल्या फडक्यानं काही होत नाही.

निता अजून येते. चौथीच्या लेकरांना माझ्यापुढं बसवते, चिंचोके मांडायला लावते, वहीतल्या एकोणसाठ ओळी दाखवते. मग माझ्याकडं बोट करते. "आता ही ओळ यात शोधा."

लेकरं शोधून दमतात. "न्हाई ताई, ही नाहीच."

"मग कोण चुकलं?"

"फळा!"

सगळी ओरडतात. तिच्यासोबत आलेला देविदास ओरडत नाही. तो एक चिंचोका उचलून खडूच्या पट्टीवर ठेवतो, बरोबर आपल्या शून्याखाली. पट्टी उतरती आहे, चिंचोका पडतो. तो परत ठेवतो.

मित्रांनो, जुन्या वस्तू शेवटी म्हणतात, आम्हाला जपा. मी कोणत्या तोंडानं म्हणू? मला तेल लावू नका, नवा रंग देऊ नका. पॉलिश पेपर आणा आणि घासा. लाकूड निघालं तरी चालेल. फक्त खालून सुरू करा, देविदासच्या शून्यापासून.