नऊ अंदाज

मित्रांनो, नंदाखाल गावातल्या एका ओट्यावर दोन खिळ्यांना टांगलेला जुना फळा, तो मी. वारा आला की भिंतीवर आपटतो. पूर्वीही आपटायचो, पण हल्ली मला स्वस्थ म्हणून राहवत नाही.

माझा जन्म गोखिवऱ्याचा. तिथल्या एका कारखान्यात यंत्र आलं, त्याच्या खोक्याच्या फळ्या धर्मा सुताराने जोडल्या, घासल्या आणि काळ्या रंगवल्या. पाठीवर 'ही बाजू वर' सांगणारा बाण होता. धर्माने मला उलटा टांगला, तसा बाण जमिनीकडे बघू लागला. उर्सुला टीचर हसून म्हणाल्या, "राहू दे. प्रवासात असंच होतं."

टीचर शाळेतून निवृत्त झालेल्या. परदेशी निघालेल्यांना त्या संध्याकाळी इंग्रजी शिकवायच्या. कोणी नर्स म्हणून जाणारी, कोणी जहाजावर, कोणी नातवंडं सांभाळायला. प्रवासात अडचण आली की बोलायचं कसं, हा त्यांचा आवडता धडा. समजा, बॅग आली नाही. दुसऱ्या विमानात गेली असेल, तर 'मे'. कदाचित कोणी चुकून उचलली असेल, तर 'माइट'. मागे राहिलीच असणार, तर 'मस्ट'. चोरीला जाणं शक्यच नाही, तर 'कान्ट'. "घाबरलात की तोंड बंद पडतं," टीचर सांगायच्या. "अंदाज बांधायला लागा, जीभ सुटते."

म्हणून त्यांनी एक नियम केला होता. वर्गाला कोणी उशिरा आलं, की बाकीच्यांनी त्याचं काय झालं असेल याचे दहा अंदाज माझ्यावर लिहायचे. दहा होईपर्यंत फोन करायचा नाही. खरं कळलं की धडा संपतो ना! मग उशिरा आलेला माणूस स्वतःच ते मोठ्याने वाचायचा आणि सगळा ओटा हसायचा. एका मुलीने तर दोह्याच्या विमानतळावरून कळवलं होतं, 'टीचर, बॅग हरवली, पण मला फळा दिसत होता.' त्या दिवशी मला ओल्या फडक्याने दोनदा पुसलं गेलं.

गेल्या फेब्रुवारीत एका बुधवारी टीचर प्रश्नांच्या झेरॉक्स काढायला बोळिंजला गेल्या. पाच वाजले. सव्वापाच झाले. गेट हललं नाही.

"आज टीचरच लेट!" जहाजावर निघालेल्या डेरिकने टाळी वाजवली. "खडू द्या. आज सोडायचं नाही."

कॅनडाला लेकाकडे जाणाऱ्या बेसिलकाकांनी पहिला अंदाज लिहिला: बस चुकली असेल.

"काका, तुमचा अंदाज म्हणजे सरकारी उत्तर," नर्स हंसा म्हणाली आणि तिने लिहिलं, झेरॉक्सवाल्याचं इंग्रजी सुधारत बसल्या असणार.

"मासळीवालीशी भाव करत असतील," डेरिक म्हणाला.

"टीचर आणि भाव? कान्ट!" काका ओरडले.

माझं तोंड गेटकडे. मला रस्ता दिसत होता. एक बस आली, थांबली, गेली. दुसरी आली, गेली. टीचरना कधी पाच मिनिटांवर उशीर होत नसे. माझ्यावर सगळे लिहितात, मला मात्र स्वतःहून एक अक्षर उमटवता येत नाही. नऊ अंदाज झाले. दहाव्यावरून वाद चालला, कारण शेवटचा सगळ्यांत मजेदार हवा होता. त्या नवांत आजारपणाचा एकही नव्हता.

टीचर बोळिंजच्या थांब्यावर बसल्या होत्या. छातीत कळ आली म्हणून बाकावर टेकल्या, त्या तशाच राहिल्या. येणाऱ्याजाणाऱ्याला वाटलं, बाई बसची वाट बघतेय, डोळा लागला असेल. फोन मांडीवरच्या पिशवीत होता. तो वाजत राहिला असता, तर कोणी तरी त्यांना हाक मारली असती. पावणेसहाला एका फुलवालीने खांद्याला हात लावला.

दफन झालं त्या संध्याकाळी टीचरची मुलगी एलिना ओट्यावर आली. नऊ ओळी तशाच होत्या. तिने त्या एकदा वाचल्या, मग पुन्हा वाचल्या. झेरॉक्सवाल्याच्या ओळीपाशी तिला हसू आलं, आणि ती खाली बसली.

"कोणालाच फोन करावासा वाटला नाही, काका?"

"टीचरचा नियम होता, बाय." बेसिलकाका गेटपाशीच उभे होते. "अर्धा तास आम्ही हसत होतो गं."

"डॉक्टर म्हणतात, नक्की सांगता येत नाही. आधी आणलं असतं तर..." एलिना माझ्याकडे बघत म्हणाली.

दोन महिने मला कोणी हात लावला नाही. धूळ बसली, ओळी पुसट झाल्या, पण गेल्या नाहीत. शेवटी हंसाची मुलाखत जवळ आली आणि तीच एलिनाला वर्ग घ्यायला बोलवून घेऊन आली. एलिनाने मला स्वतः पुसलं, सावकाश, एकेक ओळ.

डेरिक आला नव्हता. हंसाचा हात सवयीने खडूकडे गेला आणि तिथेच थांबला. एलिनाने फोन लावला.

"डेरिक, कुठे आहेस?"

"वळणावर, टीचर. कुत्रा सोडत नाहीये."

"तू ठीक आहेस ना?"

"मी ठीक. पॅन्टचं सांगता येत नाही."

बेसिलकाका काठी घेऊन निघालेसुद्धा. एलिनाने खडू हंसाच्या हातात दिला. "आता लिही. कुत्र्याचं काय बिनसलं असेल?"

मित्रांनो, जुन्या वस्तू सांगतात, आम्हाला जपा. मला रंग दिला नाहीत तरी चालेल. पण तुमच्या माणसाला उशीर झाला, तर आधी त्याला हाक मारा. अंदाज काय, माझ्यावर केव्हाही लिहिता येतात.