बाकं काढल्यावर

"बाकं काढायची तर काढा. पण मग कोण आलं नाही ते कळायचं नाही," असं घंटेवाले काका म्हणाले होते, आणि ती हसली होती.

हसण्यासारखंच होतं ते. काका म्हणजे चर्चची घंटा वाजवणारे, झाडलोट करणारे, आणि कुठल्याही नव्या गोष्टीला आधी नाही म्हणणारे. पंखे बसवले तेव्हाही त्यांनी नाक मुरडलं होतं. तिने भर सभेत विचारलं, "का हो काका, देव काय बाकावर बसायला येतो?" सगळे हसले, उपासना चालवणारे पाळकसाहेबसुद्धा. काकांनी मान खाली घातली आणि विषय मिटला.

बाकं काढा, हे तिचं म्हणणं खोटं नव्हतं. त्या अरुंद, जड बाकांमध्ये रांगतं मूल घेऊन बसणं म्हणजे शिक्षा. बाळ जरा कुरकुरलं की पुढच्या माना वळायच्या. मग ती व्हरांड्यात उभी राहून दाराच्या फटीतून उपदेश ऐकायची. तरुण जोडप्यांनी तर यायचंच सोडलं होतं. ती शिकलेली, चार लोकांत बोलणारी. विश्वास म्हणजे जागेला चिकटून बसणं नव्हे, देवाने ऊठ म्हटलं की उठायचं असतं, असं तिने मांडलं. त्यावर सगळ्यात आधी हात वर केला तो बटणमावशींनी.

बाकांवर ज्याची त्याची जागा ठरलेली; बटणमावशी तिच्या मागच्या बाकावर, भिंतीला टेकून बसायच्या. जन्मभर लोकांचे कपडे शिवले, आता एकट्या राहायच्या. त्यांच्या पिशवीत जाड दोऱ्यात ओवलेल्या मोठ्या बटणांची माळ असायची. बाळ रडायला लागलं की माळ मागून हळूच पुढे यायची आणि बाळ गप्प. हिचा मात्र जीव टांगणीला. दोरा तुटला तर? बटण घशात गेलं तर? मावशी म्हणायच्या, "अगं, हत्ती बांधशील या दोऱ्याने." तरी दर वेळी ती दोरा ओढून ओढून बघायचीच. नवरा तिला 'आमच्या घरचा कॅमेरा' म्हणायचा.

त्या सभेत मावशी एवढंच म्हणाल्या होत्या, "पोरांना रांगायला जागा नको का? आमचं काय, आम्ही कुठंही टेकू."

बाकं गेली. हलक्या खुर्च्या आल्या, पुढे जाड सतरंजी, तिच्यावर लेकरं. तरुण जोडपी परतली. पाळकसाहेबांनी एक युक्ती काढली. खुर्च्या आधी मोजक्याच मांडायच्या, माणसं येतील तशा वाढवायच्या. रिकाम्या खुर्च्यांपुढे बोलताना घसा कोरडा पडतो, असं ते हसत म्हणायचे. त्यामुळे चर्च दर रविवारी भरलेलंच दिसायचं. ती सतरंजीच्या कडेला बसायची. बाळाच्या तोंडात काय गेलं, भिंतीवरच्या प्लगकडे कोण निघालं, सगळं तिच्या नजरेत. मागे वळून बघायचं कारणच उरलं नव्हतं.

एके दिवशी सोफा सरकवून झाडताना खालून ती माळ निघाली, धुळीने माखलेली. बाळाने कधीतरी मुठीत धरून घरी आणली असणार. रविवारी परत देऊ, असं म्हणत ती पुसायला लागली आणि तिचा हात थांबला. मावशींना शेवटचं पाहिलं कधी?

नवरा दाढी करता करता म्हणाला, गेल्या रविवारी होत्या की. चर्चच्या गाण्याच्या गटातल्या मैत्रिणीला फोन केला, तीही म्हणाली, होत्या की. कुठे बसल्या होत्या, असं विचारल्यावर मात्र दोघांनाही सांगता येईना. शेवटी तिने काकांना गाठलं. ते टोमणा मारणार हे धरूनच ती गेली होती. काका नुसते म्हणाले, "भिंतीकडचं बाक पुसताना कळायचं मला, मावशी आल्या होत्या की नाही ते. आता खुर्च्या एकावर एक रचतो. कुणाची कुठली, काय सांगू?"

बाळाला नवऱ्याच्या हवाली करून ती मावशींच्या घरी गेली. दाराला नवी कडी, नवं कुलूप. शेजारीण बाहेर आली आणि हिला वरपासून खालपर्यंत न्याहाळू लागली. मावशी गेल्या शनिवारी न्हाणीघरात घसरून पडल्या होत्या. शेजारचे गावाला गेलेले. सोमवारी परत आले तर दुधाच्या पिशव्या दारात तशाच, म्हणून दार तोडलं. मांडीचं हाड मोडलं होतं.

"रविवारचा अख्खा दिवस पडून होत्या," शेजारीण म्हणाली. "तुम्ही चर्चमधल्या ना?"

तिने दवाखान्याचं नाव विचारून घेतलं आणि तशीच निघाली.

दवाखान्यातल्या खाटेवर मावशी एवढ्याशा दिसत होत्या. तिने माळ त्यांच्या हातात दिली. त्यांनी बोटांनी दोरा चाचपला.

"बघ, तुटला नाही ना?" मग म्हणाल्या, "रविवारी तशीच पडून होते, तर घंटा ऐकू आली गं. म्हटलं, आता बाक रिकामं दिसेल, उपासना सुटली की येईल कुणीतरी. दुपारपर्यंत वाट पाहिली. मग आठवलं, बाकं कुठं आहेत आता? हसू आलं. मीच तर हात वर केला होता."

तिला रडू आवरेना. बाकं परत आणू या, ती म्हणाली, मी स्वतः कमिटीपुढे बोलते.

"खुळी का तू? पोरांना परत व्हरांड्यात घालवणार? खुर्च्याच बऱ्या." मावशींनी डोळे मिटून घेतले. "माझ्याकडे बघायचं काम बाकाचं नव्हतं गं."

पुढे भाचा येऊन मावशींना आपल्या गावी घेऊन गेला. त्या पुन्हा चर्चला आल्या नाहीत. तिने काकांना सांगून भिंतीजवळ मावशींची म्हणून एक खुर्ची कायमची मांडून घेतली, तर पहिल्याच रविवारी एक नवखा गृहस्थ येऊन त्या खुर्चीवर बसला. त्याला उठवणार कसं? मावशींनी तरी उठवलं असतं का? फोन केला की मावशींना धड ऐकू येत नाही. बाळ चालायला लागलं का, हेच पुन्हा पुन्हा विचारतात. ते आता धावतं. उपासना सुटली की ती त्याच्यामागे पळायच्या आधी मागे वळते आणि एकेक चेहरा बघते. उशिरा लागलेली सवय.

तुमच्याही चर्चमध्ये काही ना काही बदललं असेल. वेळ बदलली असेल, जागा बदलली असेल, उपासना फोनवर आली असेल. बदल चांगलाच असेल. पण तुमच्या मागे कोण बसायचं, ते जरा आठवा. "होत्या की" असं तोंडावर आलं, तर तिथेच थांबू नका. आजच जा. दार वाजवा, आणि आतून आवाज आल्याशिवाय हलू नका.