अकरावी सीडी

पुसेगावात कुणी नवीन बाईमाणूस राहायला आलं, की चार दिवसांत तिला प्रियंकाच्या घरचं बोलावणं जायचं. चहाला म्हणून. चहा तर व्हायचाच, पण खरं काम कोरियाच्या मालिकेचं असायचं. मशीनमध्ये सीडी घालायच्या आधी प्रियंका बजावून सांगायची. पहिल्या दोन सीड्यांत सगळी तोंडं एकसारखी दिसतील, तेवढ्यानं उठून जायचं न्हाई. पोरीच्या गळ्यात तांबडा मफलर हाय, त्याच्यावर नजर ठेवायची. भाषेची काळजी करायची न्हाई, बोल मी सांगते. आणि रडू आलं तर लाजायचं न्हाई, इथं समद्याच रडून गेल्यात.

आणि निघताना, दारात चप्पल घालता घालता, प्रत्येकीला एकच विचारायची, तुमाला वाचता येते का हो त्यांची भाषा?

कुणालाच यायची नाही.

या मालिकेचं असं झालं होतं. तिचा नवरा वैजनाथ फौजेत, मणिपुरात होता. तिकडच्या बाजारात हिंदी पिक्चर मिळायचे नाहीत, फुटपाथवर ढीग असायचे ते कोरियाच्या सीड्यांचे. दर दोन महिन्यांनी एक सीडी घरी यायची, सोबत पत्र. पत्र वडिलांच्या नावानं, कारण त्या घरात तशी रीतच होती. फौजेतल्या पोराचं पत्र ओट्यावर बसून, चार माणसांत, मोठ्या आवाजात वाचायचं. सासरा सटवाजी चष्मा पुसायचा, घसा खाकरायचा आणि शाळेत धडा वाचावा तसं वाचायचा. सोयाबीन कशी आहे, लाल्या बैलाचा खूर बरा झाला का, अण्णा तब्येत जपा. बायकोच्या वाट्याला एक ओळ, प्रियंकास आशीर्वाद. मग शेवटी वैजनाथ लिहायचा, 'सोबतच्या सीडीत तो पोरगा त्या पोरीला काय काय म्हणतो ते सांगतो, म्हणजे घरच्यांना समजेल.' तेवढा भाग सटवाजी दोनदा वाचायचा. मोतीबिंदूनं ओळ सुटती, म्हणायचा. प्रियंका आत भांडी घासत ऐकायची आणि ऐकता ऐकता पाठ करायची.

अशा दहा सीड्या आल्या. अकरावी आली ती त्याच्या ट्रंकेतून. डोंगरातल्या रस्त्यावर दरड कोसळली, त्याची गाडी खाली दरीत गेली. ट्रंकेत कपडे होते, दाढीचं सामान होतं, वर्तमानपत्रात गुंडाळलेली सीडी होती. पत्र नव्हतं.

दहाव्या सीडीच्या शेवटी तो पोरगा बॅग घेऊन स्टेशनावर उभा असायचा, पोरगी धावत यायची आणि तिथंच पडदा काळा व्हायचा. दोन वर्षं बायका विचारत होत्या, पुढं काय झालं गं? प्रियंका म्हणायची, पुढचे बोल माझ्यापाशी न्हाईत. अकरावी सीडी तिनं लुगड्यांच्या घडीत ठेवली होती, एकदाही लावली नव्हती. वैजनाथनं जे शेवटचं सांगायला घेतलं होतं ते त्या चकतीत आहे असं तिला वाटायचं. ते कुणीतरी नीट वाचून सांगावं, तेवढ्यासाठी ती येईल त्या नव्या बाईला चहा पाजत होती.

दोन हजार आठच्या हिवाळ्यात उपकेंद्रावर सपना सिस्टर बदलून आली. चहा झाला, बजावणं झालं. पहिली सीडी बघताना सिस्टर सहज म्हणाली, "वहिनी, खाली इंग्रजीत लिहून येते की. वाचता येते मला."

प्रियंकाच्या हातातली बशी कलली. तिनं काही दाखवलं नाही. पण त्या आठवड्यात तिनं सिस्टरला रोज दुपारी बोलावलं, भारनियमनाची वेळ टाळून. एक एक करत अकरावीपर्यंत जायचं होतं. मधूनच कसं लावायचं?

सिस्टर मोठी सभ्य. तीन सीड्या काही बोलली नाही, नुसती पडद्याकडं बघायची, मग प्रियंकाकडं बघायची. चौथ्या सीडीत पोरगा आणि पोरगी बाकावर बसतात, पोरगा खाली मान घालून बोलतो. प्रियंकाची ती जागा फार आवडीची. शेजारच्या रुख्मिणीबाई आणि आणखी दोघीतिघी बसलेल्या, तिनं पाठातलं सांगायला घेतलं, "तो म्हणतो, तुझ्या चुलीपुढं बसल्यावानी ऊब इथं कुठंच न्हाई. तू पाणी तापवताना निळ्या बांगड्या वाजायच्या, तो आवाज कानात धरून मी झोपतो."

"त्या बांगड्या मला तर कधी दिसल्या न्हाईत बाई," रुख्मिणीबाई नेहमीसारखं म्हणाल्या.

"बाहीखाली हायत," प्रियंकानं नेहमीसारखं सांगितलं.

सिस्टरला हसू आवरलं नाही. "वहिनी, तो तर म्हणून राहिला, ऑफिसातली फाइल हरवली, साहेब लई रागावला."

बायका खदखदून हसल्या. रुख्मिणीबाई म्हणाल्या, दोन वर्षं आमी फायलीपायी रडलो म्हणायचं! प्रियंकाही हसली. मग डोकं दुखतंय म्हणाली आणि टीव्ही बंद केला.

सगळ्या गेल्यावर तिनं सासऱ्याचा पत्रांचा डबा काढला. आधी तिला नवऱ्याचा रागच आला होता. दहावी पास माणूस, कुठून येणार होतं त्याला इंग्रजी? मनाला येईल ते लिहिलं आणि मला गावापुढं हसवलं. डबा पुढ्यात घेऊन ती पत्रं उलगडत गेली. 'तो पोरगा म्हणतो, तुला ताप आला तेव्हा मी जवळ नव्हतो, हे मनाला टोचतं.' त्या वर्षी टायफॉइडनं ती महिनाभर अंथरुणावर होती. 'तो पोरगा म्हणतो, मूल झालं न्हाई म्हणून कुणी बोललं तर तू मान खाली घालू नको.' पडद्यावरच्या पोरीचं तर लग्नही झालेलं नव्हतं. ती दहाव्या मजल्यावर राहायची, तिच्या घरात चूल नव्हती. तिचा हात प्रियंकाच्या डोळ्यांपुढं आला, त्यात नुसतं घड्याळ होतं. निळ्या बांगड्या औंढ्याच्या यात्रेतल्या होत्या. वैजनाथनं स्वतः निवडून घेतलेल्या, आणि त्याच्या माघारी ज्या हातांतून उतरल्या त्याच हातांत आता त्याचा कागद होता.

चार माणसांत वाचल्या जाणाऱ्या पत्रात बायकोशी बोलायला त्याला दुसरं तोंड सापडलं नव्हतं.

म्हणजे अकरावीत काहीच नव्हतं. तिथं ती परकी माणसं त्यांचं त्यांचं बोलत असतील. त्याचे बोल त्याच्याबरोबर दरीत गेले. दोन वर्षं जे जपलं ते रिकामं होतं, हे कळलं तेव्हा ती तोंडात पदर कोंबून रडली.

सटवाजी केव्हा दारात येऊन उभा राहिला, तिला कळलं नाही. तो उंबऱ्यावर टेकला.

"मला पयल्याच पत्राला समजलं होतं," तो म्हणाला. "लेक माझा, त्याचं बोलणं मी वळखणार न्हाई?"

प्रियंकानं वर बघितलं.

"आत भांडी वाजायची. तुला ऐकू न्हाई आलं तर, म्हणून दोनदा वाचायचो, बाई. डोळे तवा बराबर होते माझे."

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं सगळ्यांना पुन्हा बोलावलं. अकरावी सीडी लुगड्याच्या घडीतून काढली, पदरानं पुसली, लावली. स्टेशन आलं. पोरगा बॅग खांद्याला लावून उभा, पोरगी धावत आलेली, तिला दम लागलेला. पोरगा काहीच बोलला नाही. ती पोरगीच बोलू लागली, पुष्कळ वेळ. खाली इंग्रजी अक्षरं धावत होती.

"वाचू का, वहिनी?" सिस्टरनं हळूच विचारलं.

"नको, सिस्टर."

गाडी हलली. पोरगी चालत्या गाडीबरोबर चालत होती, तोंडानं अजून सांगत होती. रुख्मिणीबाईंना राहवेना. "काय म्हणून राहिली गं ती त्याला?"

प्रियंकाजवळ पाठ केलेलं काही नव्हतं. त्या घरातून तिनं कधी एक ओळ धाडली नव्हती. सुनेनं पत्र लिहायची रीत नव्हती. ती पडद्याकडं बघत राहिली. गाडी लहान होत गेली.

"ती म्हणती, तुमची समदी पत्रं पोचली."

ओट्यावरून सटवाजीचा आवाज आला.

"मला ऐकू न्हाई आलं, बाई. आणखी एकदा सांग."

प्रियंका उठली, दारापर्यंत गेली आणि तेच पुन्हा एकदा मोठ्यानं सांगितलं.