आत्याचा खलाशी

माझी आत्या खिडकीत बसते याचं कारण ट्यूबलाईट. आमच्या खोलीतली ट्यूब लागते, विझते, जरा विचार करते आणि पुन्हा लागते. तिच्या भरवशावर सुईत दोरा ओवायचा म्हणजे सुई एकीकडे, दोरा दुसरीकडे आणि आत्याचं डोकं तिसरीकडे. म्हणून तिने शिलाई मशीन खिडकीला लावलं. खाली दगडी फरशीची अरुंद गल्ली, समोर बँकेची मागची भिंत आणि भिंतीवरून उतरणारे दोन पाइप. देखावा एवढाच. तिथे बसून आत्या लोकांच्या पँटी आखूड करते, चेन बदलते, उसवलेलं शिवते. दोरा ताणताना तिचा उजवा हात वर जातो, सुई उजेडात धरताना मान वर होते.

खालून बघणाऱ्याला वाटतं, बाई लांबवर बघतेय आणि कुणाला तरी हात करतेय.

हे पहिल्यांदा वाटलं छत्रीवाल्याला. छत्रीवाला म्हणजे गाईड. ऊन असो, नसो, मिटलेली निळी छत्री डोक्यावर उभी धरून चालतो आणि त्याच्या मागून परदेशी पाहुण्यांचा घोळका. एके सकाळी घोळक्यातल्या एका आजोबांच्या सँडलचा पट्टा तुटला. आजोबा बसले खाली. आता एवढ्या माणसांना बँकेच्या पाइपांसमोर उभं करून सांगायचं काय? छत्रीवाल्याने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, वर पाहिलं, आणि म्हणाला, "ही बाई तरुणपणी एका खलाशाच्या प्रेमात पडली. तो जहाजावर गेला. तेव्हापासून रोज या खिडकीत बसून त्याची वाट बघते."

आमच्या गावाला समुद्र नाही. सगळ्यात जवळचा समुद्र रात्रभराच्या बसवर आहे, तोही बस सुटली तर. घोळक्यातल्या एका चौकस मुलीने नेमकं हेच विचारलं. छत्रीवाला पापणीही न हलवता म्हणाला, "तेव्हा जवळ होता."

मुलीचं समाधान झालं.

हे सगळं मला कळलं, कारण त्यांची भाषा मला थोडी येते. आमच्याच इमारतीतल्या पाहुण्यांच्या खोल्यांमध्ये चादरी बदलायचं काम मी करतो. टॉवेल, गरम पाणी आणि तक्रार या तीन विषयांवर मी कुणाशीही बोलू शकतो. प्रेम हा विषय तक्रारीला लागूनच असल्यामुळे ऐकून ऐकून तोही समजायला लागला.

आत्याचे फोटो जगभर फिरले. निळ्या छत्रीच्या मागोमाग लाल छत्री आली, मग पिवळी, मग ठिपक्यांची. खालच्या किराणावाल्याने साखर-साबण काढून टाकले आणि फ्रिजला चिकटवायच्या आत्या विकायला ठेवल्या. छोट्या आत्या, मोठ्या आत्या, अंधारात चमकणाऱ्या आत्या. आमच्या गल्लीत आता हव्या त्या मापाची आत्या मिळते, कांदा मिळत नाही. कांद्यासाठी पूल ओलांडून जावं लागतं.

इमारतीतले भाडेकरू एकेक करून गेले. डॉक्टर गेले, शिकवणीचे सर गेले, वरचं भांडकुदळ जोडपंही गेलं. त्यानंतर आईला कितीतरी दिवस करमेना. घरमालकाने सगळ्या खोल्यांना पांढरा रंग मारला, प्रत्येक खोलीत एक रोपटं ठेवलं आणि त्या पाहुण्यांना दिल्या. आम्हाला मात्र हात लावला नाही. उलट जिन्यात भेटला की विचारायचा, "ताईंची तब्येत बरी आहे ना?" त्याच जिन्यावरून बाबा गडगडले होते तेव्हा त्याने बाबांचीही तब्येत विचारली नव्हती.

आत्याला या सगळ्याचं सोयरसुतक नव्हतं. लोक हात करायचे, तीही करायची. चुंबकावरचा स्वतःचा चेहरा बघून फक्त एकदा म्हणाली, "हे नाक माझं नाही."

तर अशी ही खिडकी. आणि मग आले मिस्त्री.

मिस्त्री चौकात बसतात. पूर्वी कुलपं दुरुस्त करायचे. पण खोल्या पाहुण्यांच्या झाल्या तशी दारांना आकडे दाबायची कुलपं आली, आणि मिस्त्रींनी मोर्चा बॅगांच्या चाकांकडे वळवला. आमची फरशी चाकं खाते. ज्या बॅगेचं चाक जातं तिची चेनही बहुधा गेलेली असते. चाक मिस्त्री बसवायचे, आणि चेनीसाठी बॅग घेऊन जिने चढून आत्याकडे यायचे. पुढे पुढे चेन धड असलेल्या बॅगाही यायला लागल्या. आत्या ती चेन उघडायची, मिटायची, पुन्हा उघडायची आणि गंभीरपणे म्हणायची, "अवघड आहे. उद्या या."

एकदा जेवताना आत्या म्हणाली, "मी मिस्त्रींशी लग्न करतेय," आणि वाटी पुढे केली.

आईने वाटीत वाढायचं सोडून तिला मिठीच मारली. "वन्सं! मला संशय होताच. एवढ्या धड चेनीच्या बॅगा कुठे असतात!"

बाबांचा घास हातातच राहिला. "ताई, चांगलंच आहे. पण मग... त्याचं काय?"

"कुणाचं?"

"नाही म्हणजे... खलाशाचं."

आत्याने बाबांकडे असं पाहिलं की ट्यूबसुद्धा विझली. "अरे, तू माझा सख्खा भाऊ ना? जन्मापासून याच घरात आहेस ना? तू बघितलास कधी खलाशी?"

"मी लहान होतो," बाबा म्हणाले. "मला कोण सांगणार होतं?"

दुसऱ्याच दिवशी घरमालक आणि छत्रीवाला घरी हजर. मिस्त्रीही आले होते. मांडीवर एक करडी बॅग घेऊन कोपऱ्यात बसले होते. घरमालकाने आधी अभिनंदन केलं, मग घाम पुसला. म्हणाला, "ताई, लग्न करा. जरूर करा. फक्त सीझन संपू द्या."

"सीझन कधी संपतो?"

"आता संपत नाही," छत्रीवाला म्हणाला. "पूर्वी संपायचा."

"मग असं करा," घरमालक म्हणाला. "लग्न करून सासरी जा, पण दिवसा इथे येऊन वाट बघत जा. दहा ते पाच. रविवारी सुट्टी."

"नवऱ्याचा डबा भरायचा आणि परक्या पुरुषाची वाट बघायला माहेरी यायचं? शोभतं का हे?"

बाबांनी मान हलवली. त्यांना खलाशाचंही वाईट वाटत होतं.

छत्रीवाल्याने चुटकी वाजवली. "सोपं आहे! मिस्त्रींनाच खलाशी करू. डोक्यावर टोपी चढवली की झालं. रोज अकरा वाजता गल्लीतून यायचं, खाली उभं राहून हाक मारायची, ताई रडल्या की वर जायचं. मागच्या दाराने परत चौकात."

सगळे मिस्त्रींकडे बघायला लागले. मिस्त्री बॅगेचं चाक बोटाने फिरवत होते. चाक थांबल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "दिसायला कसा होता?"

"उंच," छत्रीवाला सवयीने म्हणाला. "घारे डोळे. खांदे असे."

मिस्त्रींनी आपल्या खांद्यांकडे पाहिलं. आधी डाव्या, मग उजव्या. बघायला फारसा वेळ लागला नाही.

"मी नाही त्याच्या जागी उभा राहणार," ते म्हणाले. "गावाला समुद्र नसताना जो माणूस जहाज घेऊन येतो म्हणतो, तो केवढा खटपटीचा असेल! मी चाकं बसवणारा माणूस. उद्या तो खरंच आला तर मी कुठे जाऊ?"

"अहो, पण तो नाहीच आहे!" आत्या ओरडली.

"सगळ्या गावाला माहीत आहे, बाई. एक तुम्हीच नाही म्हणता." मिस्त्रींनी बॅग खाली ठेवली आणि चहा न घेता निघून गेले.

"चला, परस्पर मिटलं," घरमालक म्हणाला. जाता जाता त्याने बाबांच्या खांद्यावर हात ठेवून प्रेमाने सांगितलं की खिडकी रिकामी झाली, तर खोलीही रिकामी करावी लागेल. वर पाहुण्यांना रोपटं ठेवायला जागा कमी पडतेय.

त्यानंतर मिस्त्री आलेच नाहीत. धड चेनीची सोडा, तुटक्या चेनीचीही बॅग येईना. आत्या मशीनपाशी बसायची, पण टीप मारायची नाही. कापड तसंच सुईखाली आणि नजर चौकाच्या दिशेला. आयुष्यात पहिल्यांदाच ती खरोखर कुणाची तरी वाट बघत होती. त्या दिवसांतले फोटो म्हणे फार छान आलेत.

आई म्हणाली, "वन्सं, घराची काळजी करू नका. आपण पुलापलीकडे जाऊ. तिथे कांदे तरी मिळतात." दुपारी बाबांना मी कपाटावरची जुनी ट्रंक काढून पुसताना पाहिलं.

ट्रंक आत्यानेही पाहिली. ती उठली, करड्या बॅगेचा दांडा धरला आणि तरातरा जिना उतरली. मी मागोमाग. खाली निळी छत्री पाहुण्यांना घेऊन उभी होती. आत्या सरळ घोळक्यासमोर गेली.

"ऐका हो सगळे! मी कुणाची वाट बघत नाही. मी शिवणकाम करते. खलाशी-बिलाशी कुणी नव्हता. मला चौकातल्या चाकवाल्याशी लग्न करायचंय, आणि तुमच्यापायी ते अडलंय!"

घोळक्याने छत्रीवाल्याकडे पाहिलं. छत्रीवाल्याने घसा साफ केला आणि त्यांच्या भाषेत सांगितलं, "ती म्हणते, लाटांच्या आवाजाने तिला अजूनही झोप लागत नाही."

दोन बायकांना हुंदका आला.

माझं रक्त उसळलं. हे साफ खोटं आहे, असं मी त्यांना ओरडून सांगणार होतो. पण ऐनवेळी भाषेने दगा दिला आणि तोंडातून जे निघालं त्याचा अर्थ होता, "हा टॉवेल बदलून द्या!" एका दयाळू काकांनी मला आपला रुमाल दिला.

आत्याने छत्रीवाल्याकडे पाहून 'च्च' केलं, आणि बॅग खडखडवत ती चौकाकडे चालायला लागली. घोळका हलला. कुणी बोलावलं नव्हतं, पण खिडकीतली बाई चालतेय म्हटल्यावर मागे कोण राहणार? लाल छत्रीचे पाहुणे येऊन मिळाले, ठिपक्यांचे मिळाले. छत्रीवाला जन्मात पहिल्यांदा आपल्याच घोळक्याच्या मागे धावत होता.

मिस्त्री एक उलटी बॅग पुढ्यात घेऊन बसले होते. तोंडात दोन स्क्रू. समोर आत्या आणि तिच्यामागे अख्खा चौक भरून माणसं बघून त्यांचं तोंड उघडलं आणि स्क्रू पडले.

"लग्न करताय की नाही?" आत्या म्हणाली. "लवकर सांगा. मागे मंडळी खोळंबलीत."

मिस्त्रींनी मान खाली घातली. "आणि तो?"

आत्याने एक श्वास घेतला. तो नव्हताच, हे तिने घरात सांगून झालं होतं, गल्लीत सांगून झालं होतं. कुणी ऐकलं नव्हतं.

"बुडाला," ती म्हणाली.

मिस्त्री दचकले. "कधी?"

"आत्ताच. येता येता."

"अरेरे." मिस्त्रींना मनापासून वाईट वाटलेलं दिसलं. मग त्यांनी विचारलं, "पोहता येत नव्हतं?"

"नव्हतं."

मिस्त्री उठले. पँटवरची धूळ झटकली, खांदे जमतील तेवढे मागे घेतले आणि म्हणाले, "मला येतं."

आत्याने बॅगेचा दांडा त्यांच्या हातात दिला. एवढंच झालं. पण बॅग घेतलेला पुरुष आणि समोर डोळे पुसणारी खिडकीतली बाई बघून घोळक्याला जे समजायचं ते समजलं. टाळ्यांचा कडकडाट झाला, शिट्ट्या झाल्या, अनोळखी माणसं एकमेकांच्या गळ्यात पडली. रुमालवाल्या काकांनी माझ्याकडून रुमाल परत मागून घेतला. धापा टाकत पोहोचलेल्या छत्रीवाल्याने एक नजर टाकली, छत्री उंच केली आणि ओरडला, "तो आला!"

मिस्त्री काही बोलणार होते. आत्याने त्यांचा हात दाबला.

त्याच आठवड्यात लग्न झालं. नोंदणी कार्यालयात साक्षीदार म्हणून बाबांनी सही केली आणि बाहेर येऊन घरमालकाला स्वतःच सांगितलं, खोली कधी सोडायची ते सांगा.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी निळी छत्री खिडकीखाली आली. खिडकी उघडी, आत रिकामी खुर्ची. छत्रीवाल्याने आ वासला, मिटला, आणि म्हणाला, "इथे एक बाई वर्षानुवर्षं आपल्या खलाशाची वाट बघत बसली होती. आणि काल..." त्याचा आवाज खरंच दाटून आला, "कालच तो आला. तुम्हाला एकच दिवस उशीर झाला."

घोळक्यातून असा उसासा निघाला की आमचा पडदा हलला. रिकाम्या खुर्चीचे फोटो आत्याच्या फोटोंच्या दुप्पट निघाले. तेव्हापासून तो रोज कालच येतो. पाहुणे हळहळतात, एकमेकांवर चिडतात, आदल्या रात्रीच्या विमानाने यायला हवं होतं म्हणतात, आणि त्या दुःखात चुंबक घेतात.

घरमालकाने खोली सोडायचं नाव पुन्हा काढलं नाही. त्याची अट एवढीच की खिडकी दिवसभर उघडी राहिली पाहिजे आणि तिच्यात कुणी दिसता कामा नये. त्यामुळे दिवसा आम्ही घरात रांगतो. बाबांना सुरुवातीला जड गेलं, पण आता ते चहाचा कप घेऊनसुद्धा रांगतात, थेंब सांडत नाही. आई म्हणते, रांगता रांगता फरशीही पुसून निघते, एवढी मदत त्यांनी घरात कधी केली नव्हती.

आत्याचं मशीन चौकात मिस्त्रींच्या शेजारी आहे. तिथे उजेड भरपूर. परवा मी डबा द्यायला गेलो तर एक बाई बॅग ओढत आली, चाक निखळलेलं, चेन फाटलेली, डोळे सुजलेले. तिने खुणा करून आत्याला सगळं सांगितलं. खिडकी. बाई. खूप वर्षं. मग मनगटावरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं आणि तिला रडू फुटलं. आत्याला ओळखायचा प्रश्नच नव्हता. चुंबकावरचं नाक वेगळं आहे.

आत्याने सगळं ऐकून घेतलं. तिला स्टूल दिलं, पाणी दिलं. मग मिस्त्रींना म्हणाली, "अहो, हातातलं ठेवा आणि हिचं आधी करा. फार लावून घेतलंय बिचारीने."